वडील घोरतात आणि सीटी स्कॅनमध्ये हृदयाच्या धमन्यांत कॅल्शियम निघालं. दोन्हींचा संबंध आहे का?

असू शकतो. आधी आईंना विचारा, घोरता घोरता आवाज एकदम बंद पडून मग ते दचकून हुंदका दिल्यासारखा श्वास घेतात का? तसं असेल तर स्लीप ॲप्निया तपासाच. त्यात श्वास निदान 10 सेकंद अडकतो. तासाला 30 वेळा झालं की आजार तीव्र. दर वेळी ऑक्सिजन घसरतो, बीपी उसळतं, हळूहळू शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं, आणि यातून धमन्यांत कॅल्शियम साठायला हातभार लागू शकतो. अर्थात कॅल्शियमचा बराच दोष सुटलेल्या पोटाकडे, शुगरकडे आणि सिगारेटकडेही जातो. झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणाऱ्या सीपॅप मशीनने दिवसाची पेंग जाते, बीपी थोडं उतरतं. साठलेलं कॅल्शियम विरघळत नाही. 2016च्या सीपॅपवरच्या ‘सेव्ह’ चाचणीत तर हार्ट ॲटॅकही कमी झाले नाहीत, पण तिथे लोक मशीन रात्री सरासरी साडेतीन तासही लावत नव्हते! वजन उतरवणं मात्र श्वास आणि शुगर, दोन्हींना लागू पडतं.