कार्पेथियात जागा कशी उरली होती?

प्रश्न : टायटॅनिकच्या वाचलेल्या प्रवाशांना कार्पेथिया बोटीने उचलले, एवढेच वाचनात येते. ही बोट मुळात कुठे चालली होती आणि सातशेहून अधिक माणसे घेण्याइतकी जागा तिच्यात कशी होती?

उत्तर : तुमच्या प्रश्नाचा उत्तरार्ध फारसे कोणी विचारत नाही, आणि कार्पेथियाचा खरा इतिहास त्यातच आहे.

ही स्थलांतरितांची बोट. कुनार्ड कंपनीची, १९०३ मध्ये सेवेत आलेली. पुढच्याच वर्षी कंपनीने हंगेरी सरकारशी करार केला आणि फिउमे ते न्यूयॉर्क अशी सेवा सुरू झाली. फिउमे म्हणजे आजच्या क्रोएशियातले रियेका. तिथून मॅग्यार (म्हणजे हंगेरियन), स्लोव्हाक, क्रोएट शेतकरी-मजूर अमेरिकेतल्या खाणींत आणि पोलाद कारखान्यांत कामाला जात. तिसऱ्या वर्गात दोन हजारांहून अधिक माणसे मावतील अशी सोय बोटीत होती.

पण जाताना भरलेली बोट परतीला बरीच रिकामी असे. परतणारेही होते, बरं का! चार पैसे गाठीला बांधून गावी जमीन घ्यायला निघालेले, घरच्यांना भेटून पुन्हा येणारे. ११ एप्रिल १९१२ ला न्यूयॉर्कहून फिउमेकडे निघालेल्या कार्पेथियात सुमारे ७४० प्रवासी होते. जागा उरली ती म्हणून. हीच बोट उलट दिशेने भरून येत असती, तर कप्तान रॉस्ट्रन यांना माणसे ठेवायला जागा शोधावी लागली असती.

रॉस्ट्रन यांनी खोल्यांची ऊब बंद करून सगळी वाफ इंजिनाला दिली, हे सगळीकडे सांगितले जाते. त्यांचा आणखी एक हुकूम मला तितकाच मोलाचा वाटतो : तिसऱ्या वर्गातल्या आपल्या प्रवाशांना एकत्र हलवून त्यांच्या जागा मोकळ्या करायच्या. त्या रात्री या घरी परतणाऱ्या मजुरांनीही आपली जागा दिली. बचावाच्या गोष्टीत ते कुठेच नसतात, याचे मला वाईट वाटते.

१८ एप्रिलला वाचलेल्यांना न्यूयॉर्कला उतरवून दोनच दिवसांत बोट पुन्हा भूमध्य समुद्राकडे निघाली. जुलै १९१८ मध्ये जर्मन पाणबुडीने ती बुडवली. तिच्यातून अमेरिकेत आलेल्यांची नावे, वये, मूळ गावे आणि जवळ असलेली रक्कम न्यूयॉर्क बंदराच्या प्रवासी याद्यांत नोंदलेली आहे. त्या आज घरबसल्या वाचता येतात. या माणसांचा शोध घ्यायचा असेल, तर सुरुवात तिथून करा.