गोठ्याच्या दारातून : तुमचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

प्रश्न : मागच्या अंकात लसीकरणाबद्दल सांगताना तुम्ही ओघात लिहिलंत, की टेक्सासमधले तुमचे एक रँचवाले स्नेही वारले आणि त्यांच्याइतका मायाळू गुरंवाला तुम्ही पाहिला नाही. त्यांची गुरं शेवटी मांसासाठीच विकली जात असणार ना? मग माया कसली? राग मानू नका, पण खटकलं.
— एक वाचक, तासगाव

उत्तर : राग कसला? मलाही आधी खटकलं होतं. मी माळकरी घरातला. मी रँचवर जाऊन बसतो हे आईच्या कानावर गेलं असतं, तर चार दिवस अबोला धरला असता तिनं.

2011 सालची गोष्ट. रजा काढून धाकट्या भावाकडे गेलो होतो, दक्षिण टेक्सासात, व्हिक्टोरिया गावाजवळ. भाऊ दिवसभर कामावर, आणि मला घरात बसवेना. म्हणून त्यानं ओळखीच्या एका रँचवर नेऊन सोडलं. तिथल्या म्हाताऱ्या मालकानं, म्हणजे ह्याच स्नेह्यानं, पहिला प्रश्न केला, "तुम्ही हिंदुस्तानात कुठले?" म्हटलं, कृष्णाकाठचा. तो काही न बोलता मला एका करड्या वळूपाशी घेऊन गेला. भलंमोठं वशिंड, लोंबते कान, गळ्याखालच्या कातडीच्या, म्हणजे पोळीच्या, घड्याच घड्या. म्हणाला, "मग हा तुमचा गाववाला."

थट्टा नव्हती ती. तिकडची ब्रह्मन जात बनली ती आपल्याकडून गेलेल्या गुरांपासून : कांकरेज, ओंगोल, गीर आणि आपली कृष्णाकाठी. सांगलीच्या संस्थानिकांनी काळ्या चिकट रानात ओढायला जड बैल हवेत म्हणून जी जात वाढवायला हातभार लावला, तीच ही. 1906 साली हिंदुस्तानातून बोटीनं वळू टेक्सासात नेले गेले, 1924 साली ह्यूस्टनला त्या जातीची संघटना झाली. कारण साधं : ऊन आणि गोचीड सोसणारं जनावर त्यांना हवं होतं. आज इथं कृष्णाकाठी शोधावी लागते, हे जाता जाता.

पण तुमचा प्रश्न मायेचा आहे.

त्या वर्षी टेक्सासात पाऊसच नव्हता. तिथल्या नोंदींतलं सगळ्यांत कोरडं वर्ष. मी दहाव्या वर्षी बहात्तरचा दुष्काळ पाहिलाय, त्यामुळे जमिनीचा तो रंग मला ओळखीचा होता. म्हातारा पहाटे पाचला पिकअपमध्ये गॅसची टाकी टाकून निघायचा. टाकीला लांब नळी, तिच्या टोकाला जाळाचं तोंड. रानातल्या फड्या निवडुंगावरून तो जाळ फिरवायचा. काटे तडतडत जळायचे, पानं हिरवीच राहायची. त्या जाळाचा घरघराट ऐकला की गुरं झुडपांतून धावत यायची आणि वाफाळतं निवडुंग चघळायला लागायची. नुसतं निवडुंग घातलं तर हगवण लागते, म्हणून वरून सरकीची पेंड.

हे तिकडं पुष्कळ जण करत. त्याचं वेगळं एवढंच, की दांडग्या गाई तुटून पडल्या की तो गाडी काढून दीड-दोनशे पावलं पलीकडे न्यायचा आणि मागं राहिलेल्या म्हाताऱ्या गाईंसाठी, लंगडीसाठी दुसरा पट्टा जाळायचा. गॅस महाग, ऊन मरणाचं आणि त्याचं वय सत्तरीपुढचं. मी म्हटलं, सोडा की. तो म्हणाला, "त्यांना रांगेत उभं राहता येत नाही, डॉक्टर."

गुरं हाकताना त्याच्याकडे आरडाओरडा नसे. गाईच्या खांद्यामागं एक पाऊल टाकलं की ती पुढं जाते, खांद्यापुढं टाकलं की थांबते. त्याचं सगळं काम ह्या एका पावलावर चालायचं. विजेचा शॉक देणारी काठी एका गड्यानं आणली, तर ती त्यानं गड्याच्याच हातून पाण्याच्या हौदात टाकायला लावली.

संत नव्हता तो. गोऱ्हे खच्ची करताना भूल द्यायचा नाही. त्यावरून आमचं जोरदार वाजलं. शेवटपर्यंत त्यानं ऐकलं नाही आणि मीही त्यात त्याला माफ केलेलं नाही.

जुलैत त्यानं एक तृतीयांश गाई विकल्या. होय, त्यांचं पुढं काय होणार हे त्याला माहीत होतं आणि मलाही. मी विचारलं, आणखी महिनाभर थांबत का नाही? तो म्हणाला, "आज त्या स्वतःच्या पायानं ट्रकमध्ये चढतील." बहात्तरात आमच्या दारी आजोबांनी न विकलेली गाय होती. बसली ती उठेना. पोटाखालून पोती घालून, दोरानं आढ्याला टांगून तिला उभी ठेवली होती. अकरा दिवस. आजोबांची माया कमी होती असं मी मेलो तरी म्हणणार नाही. पण तिचे डोळे मी पाहिलेत, आणि पुढं पशुवैद्य झालो त्याला ते डोळेच कारण.

तुम्हाला पटावं असा माझा आग्रह नाही. 'मायाळू' हा शब्द मात्र मी मागे घेत नाही.

प्रश्न : अशा परमुलखातल्या माणसाच्या घरच्यांना सांत्वनाचं काय लिहावं? आमचेही शेजारी तिकडचे आहेत, सुचतच नाही.
— एक वाचक, पुणे

उत्तर : मोठमोठे शब्द नकोत. तुम्ही डोळ्यांनी पाहिलेली त्यांची एक गोष्ट लिहा, तपशिलासकट. मी निवडुंगाचा तो दुसरा पट्टा लिहिला. म्हाताऱ्याच्या बाईंना तो ठाऊकच नव्हता, पहाटे त्या झोपलेल्या असत.

उलट टपाली त्यांनी एक फोटो पाठवला. तिकडं शर्टाच्या खिशात मावेल अशी छोटी वही बाळगतात. गाईचा नंबर, व्यायल्याची तारीख, कालवड की गोऱ्हा, एवढं टिपायला. म्हाताऱ्याची शेवटची वही आता मुलगा वापरतो. फोटोत 47 नंबरच्या गाईपुढं तारीख आहे, 'कालवड' आहे, आणि त्याखाली शिसपेन्सिलीनं वाकडंतिकडं लिहिलंय : 'डावा डोळा गेला. उजवीकडून जा.'

मुलगा उजवीकडूनच जातो, असं बाईंनी लिहिलंय.