पहाटे चारला उठतो, पण बसत नाही

प्रश्न : माझा धाकटा भाऊ सहा वर्षांनी तुरुंगातून सुटून आला. आत त्याने विपश्यनेची दोन शिबिरं केली, रोज ध्यानाला बसायचा म्हणे. आता पहाटे चारला उठतो, पण बसत नाही. ओट्यावर नुसता रस्त्याकडे बघत राहतो. आई म्हणते, पुन्हा शिबिराला पाठव. पाठवू का?
– एक बहीण, सिन्नर

उत्तर : ताई, लगेच नको. मी आयटीआयमध्ये फिटरची पोरं शिकवली. निवृत्तीनंतर कारागृहातल्या काही शिबिरांत धम्मसेवक म्हणून राहिलो, म्हणजे घंटा वाजवायची, आसनं मांडायची, वाढायचं. शिकवणारे आचार्य वेगळे. माझं ज्ञान घंटेपुरतं, हे आधीच सांगतो.

आत बसणं एका अर्थी सोपं असतं. दहा दिवसांचं शिबिर, चारची घंटा, अकराचं जेवण, संध्याकाळी सातचं प्रवचन, नऊ दिवस मौन. पहिले साडेतीन दिवस फक्त श्वास बघायचा, मोजायचाही नाही. दहाव्या दिवशी मौन सुटल्यावर एक जण मला म्हणाला, "काका, दिवसातून इतक्यांदा गिनती होते आमची. श्वास तेवढा गिनतीतून सुटला बघा." तुमच्या भावाला घरी घंटा कोण देणार? भाड्याची चिंता आहे, शेजारी टक लावून बघतात, आणि आई दर तासाला 'बसलास का?' विचारत असणार. (आईंना माझा नमस्कार सांगा, पण हे विचारणं थांबवायला सांगा.)

१९७५ साली जयपूरच्या मध्यवर्ती कारागृहात कैद्यांसाठीचं पहिलं शिबिर झालं. कैदी बेड्यांसकट समोर आणले, तेव्हा बेड्या काढल्याशिवाय शिकवणार नाही, असं विपश्यना शिकवणाऱ्या गोयंका गुरुजींनी सांगितलं. मला ही गोष्ट दिल्लीच्या तिहार कारागृहातल्या शिबिरापेक्षा मोठी वाटते. तिहारमध्ये १९९४ च्या एप्रिलमध्ये हजारावर कैदी एका शिबिराला बसले, त्याचं कौतुक झालं, व्हायलाच हवं. पण सुटल्यावर त्यातला एकेक जण घरातल्या कुठल्या कोपऱ्यात बसला, हे विचारायला कोण गेलं?

तेव्हा आधी कोपरा द्या. घराची एक किल्ली त्याच्या हातात द्या. कित्येक वर्षांत त्याने स्वतःच्या हाताने कुलूप उघडलेलं नाही. आधार, बँकेचं पासबुक, काम, ही धावपळ त्याच्यासोबत करा. चारला उठतोच आहे तर चहा ठेवा, काही बोलू नका. जुन्या, म्हणजे आधी शिबिर केलेल्या साधकांची सामूहिक साधना तासाभराची असते, तिथे दहा दिवस काढावे लागत नाहीत. जवळ कुठे होते ते शोधून ठेवा आणि एकदाच सांगा.

एक मात्र बघा. झोपच लागत नसेल, कसले आवाज ऐकू येत असतील किंवा जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा असेल, तर ध्यान राहू द्या, मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. पुढे शिबिराला गेलाच तर चालू असलेली औषधं अर्जात खरी लिहायची. लपवलं तर त्रास त्यालाच होतो.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे, प्राणायाम येतो. कारागृहात जाऊन ध्यान शिकवता येईल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : अधीक्षकांच्या परवानगीशिवाय दार उघडत नाही. त्याआधी स्वतः दहा दिवस बसून या, मग सेवा द्या. शिकवण्याचं नंतर बघू. आत गेल्यावर 'कुठल्या गुन्ह्यात?' असं कुणालाच विचारू नका. मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. तो माणूस पुढचे दहा दिवस माझ्या हातचं वाढलेलं घेत नव्हता.