वाचक विचारतात: जावातल्या जुन्या मशिदींना घुमट का नाही?

इंडोनेशियाच्या मशिदींवर इतके प्रश्न आलेत की या खेपेला सगळं पान त्यांनाच दिलंय. सारखे वाटले ते प्रश्न एकत्र केलेत, रागावू नका.

प्रश्न : दिवाळीत बोरोबुदूर-योग्यकर्ता टूर केली. राजवाड्याजवळची जुनी मोठी मशीद दाखवली तर घुमट नाही, मिनार नाही, एकावर एक तीन छपरं, सरळ देवळासारखी. गाइड म्हणाला आधी हिंदू देऊळच होतं, नंतर मशीद केली. खरंय का? (नाशिक)

नाही हो, गाइडने फेकलंय. ती मशीद 1773 मध्ये पहिल्या हमेंगकुबुवोनो सुलतानाने मशीद म्हणूनच बांधून घेतली. पण तुम्हाला जे देवळासारखं वाटलं ते काही डोळ्यांचा भ्रम नाहीये, कारण जावात मशिदीचं छप्पर असंच असायचं, चौकोनी, उतरतं, उतरंडीसारखं वर वर लहान होत गेलेलं, आणि बालीत देवळांवर जी मेरू छपरं दिसतात ती त्याच घराण्यातली.

याचा मूळ नमुना बघायचा तर देमाकला जावं लागतं, उत्तर किनाऱ्यावर. जावातली पहिली मुस्लिम सल्तनत तिथली, पहिला सुलतान रादेन पाताह. मशीद पंधराव्या शतकाच्या शेवटची मानतात, 1479 हे साल सांगतात ते किब्ल्याच्या, म्हणजे मक्केच्या दिशेच्या, भिंतीवरच्या कासवाच्या चित्रावरून, म्हणजे कासवाचं डोकं एक, पाय चार, पाठ शून्य आणि शेपटी एक, झाले शके 1401! आपला शक तिथे किती सहज वापरात होता बघा. आत मधोमध चार दणदणीत सागाचे खांब, साधारण 16 मीटर उंच. त्यांना साको गुरू म्हणतात. सगळ्यात वरचं छप्पर या चौघांच्या डोक्यावर, खालची दोन बाहेरच्या खांबांवर आणि भिंतींवर, आणि दोन छपरांच्या मध्ये जी फट राहते तिथून उजेड येतो आणि गरम हवा निघून जाते, पाऊस मात्र आत येत नाही. एवढ्या पावसाच्या, एवढ्या उकाड्याच्या मुलखात याहून शहाणी रचना मला तरी सुचत नाही.

चार खांब चार वलींनी, म्हणजे मुस्लिम संतांनी, दिले अशी गोष्ट आहे. त्यातल्या सुनान कालिजागाला म्हणे उशीर झाला, आख्खं लाकूड मिळेना, मग त्याने बाकीच्यांच्या कामातल्या ढलप्या गोळा करून त्यांचा खांब बांधला. दंतकथाच, पण तो खांब आजही त्याच नावाने दाखवतात, आणि दुरुस्तीत काढलेल्या जुन्या खांबांचे तुकडे शेजारच्या म्युझियममध्ये ठेवलेत. भिंतीत निळ्या-पांढऱ्या टाइल्स आहेत त्या व्हिएतनामच्या, तेव्हाच्या व्यापाराचा हा पुरावाच. मिनार नव्हताच. ओसरीत बेदुग नावाचा मोठा नगारा टांगलेला असायचा, आधी तो वाजवायचा आणि मग अजान. अजूनही बऱ्याच ठिकाणी वाजतो.

प्रश्न : आमच्या गावची जुनी मशीदही कौलारू, घुमट नाही. जावाचा आणि आपल्या किनाऱ्याचा संबंध आहे का? (रत्नागिरी जिल्हा)

छान विचारलंत. डी ग्राफ नावाच्या डच इतिहासकाराचं म्हणणं होतं की हा नमुना भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून, मलबारकडून गेला. कोळिकोडची मिश्काल मशीद बघा, लाकडी, अनेक मजली छपरांची, 1510 मध्ये पोर्तुगीजांनी जाळली होती तीच. पण बाकीचे म्हणतात जावात घरांची आणि मंडपांची अशी छपरं आधीपासून होतीच, कुणी आणून द्यायची गरज काय. वाद मिटलेला नाही. मला दुसरी बाजू जास्त पटते, कारण पाऊस सारखा आणि लाकूड मुबलक असलं की सुतार फिरून फिरून त्याच उत्तरावर येतात, कोकणातला असो नाहीतर देमाकचा.

देमाकहून पुढे कुदुसला मात्र नक्की जा. तिथला मनारा म्हणजे लाल विटांचा बुरूज, साधारण 18 मीटर, खाली माजापहित या जावातल्या जुन्या हिंदू राज्याच्या काळातल्या मंदिराची सगळी लकब, पायऱ्या, गलथे, कोनाडे, वर लाकडी मंडपी आणि तिच्यात नगारा. विटांत चिनी मातीच्या ताटल्या बसवल्यात. मशिदीतल्या शिलालेखावर हिजरी 956 म्हणजे 1549 साल आहे. आवारातली दारं मधोमध चिरलेल्या देवळासारखी, ज्याला चंडी बेंतार म्हणतात, बालीत गेलेल्यांनी शंभर फोटो काढलेले असतात त्याचे. आणि एक गोष्ट. इथल्या वलीने, सुनान कुदुसने, हिंदू शेजाऱ्यांचं मन राखायला इथे गाय कापू नका असं सांगितलं म्हणतात, आणि कुदुसात आजही सोतो (रस्सा) खा की साते (सळईवरचे कबाब) खा, मांस म्हशीचं.

प्रश्न : मग घुमट आले कधी? आज तर सगळीकडे घुमटच दिसतात. (पुणे)

याचं उत्तर गंमतशीर आहे, मोठा हात डचांचा! सुमात्राच्या टोकाला आचे, तिथली बैतुर्रहमान मशीद आधी थरांच्या छपराचीच होती. 1873 मध्ये डचांनी आचेवर स्वारी केली, मशिदीच्या आवारात लढाई झाली, मशीद जळाली आणि डच सेनापती कोहलर तिथेच गोळी लागून मेला. नंतर लोकांना शांत करायला सरकारनेच नवी मशीद बांधून द्यायचं ठरवलं, 1879 ते 1881, नकाशा खेरित ब्रुइन्स या डच माणसाचा, आणि त्याने काय केलं तर स्थानिक छप्पर सोडून मुघली थाटाचा काळा घुमट चढवला, म्हणजे मुंबईच्या जीपीओच्या जातकुळीतलं काम पण तीसेक वर्षं आधी. साहेबाच्या डोक्यातली ‘मशीद’ अशी दिसायची. आचेचे लोक सुरुवातीला तिथे नमाजालाच जाईनात, शत्रूने बांधलेली ना. पण माणसं बदलतात, पुढे त्यांना ती इतकी आपली वाटायला लागली की एकाचे 1935 ला तीन घुमट, मग पाच, आता सात. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत आजूबाजूचं शहर वाहून गेलं, मशीद किरकोळ तड्यांवर निभावली आणि कित्येकांनी तिथेच जीव वाचवला. आता तिला परकी म्हणायची कुणाची हिंमत नाही.

सुमात्रातल्याच मेदान शहराची मोठी मशीद पण अशीच, 1906 ते 1909. तंबाखूच्या मळ्यांचा पैसा, तिथल्या देली संस्थानाचा सुलतान, अष्टकोनी नकाशा. काम सुरू केलं वान एर्प या डच माणसाने, तोच जो नंतर बोरोबुदूरच्या जीर्णोद्धाराला गेला.

उलटा प्रवासही झालाय बरं. राष्ट्राध्यक्ष सुहार्तोने 1982 मध्ये एक ट्रस्ट काढून देशभर 999 मशिदी बांधवल्या, सगळ्यांना देमाकछाप तीन थरांचं छप्पर आणि टोकाला पंचकोन, सरकारी पंचशीलाचा, म्हणजे इंडोनेशियाच्या पाच राष्ट्रीय तत्त्वांचा. पैसा मुस्लिम सरकारी नोकरांच्या पगारातून कापून. एकाच साच्यातून काढल्यासारख्या दिसतात, पाहिल्यात त्या तरी मला नाही आवडल्या.

प्रश्न : जाकार्ताची इस्तिकलाल मशीद ख्रिश्चन माणसाने डिझाईन केली असा फॉरवर्ड आला. खरा की नेहमीसारखा? (ठाणे)

या वेळी फॉरवर्ड खरा निघाला. फ्रेडरिक सिलाबान, सुमात्रातल्या बाताक समाजातला प्रोटेस्टंट. 1955 ची स्पर्धा, परीक्षक मंडळाचा प्रमुख खुद्द पहिला राष्ट्राध्यक्ष सुकार्नो, नावं झाकलेली, आणि सिलाबानच्या नकाशाला टोपणनाव होतं ‘केतुहानान’, म्हणजे ईश्वरत्व. जागेवरून सुकार्नो आणि उपराष्ट्राध्यक्ष हात्ता यांचं जमेना, शेवटी सुकार्नोची निवड राहिली, जुना डच किल्ला आणि विल्हेल्मिना पार्क होतं ती जागा, समोर कॅथेड्रल. पायाभरणी 24 ऑगस्ट 1961, आणि मग 1965 च्या उठावाचा गोंधळ, पैशाची चणचण, सत्ताबदल, असं करत उद्घाटन झालं 22 फेब्रुवारी 1978 ला, सुहार्तोच्या हातून. सुकार्नो तोवर गेलेला.

आकड्यांचा खेळ आहे त्यात. घुमट 45 मीटर रुंद, 1945 च्या स्वातंत्र्यासाठी. मिनार 66.66 मीटर, लोकांत कुराणाच्या आयती (वचनं) 6666 मानतात म्हणून, आणि वर 30 मीटरचा पोलादी सुळका, तो कुराणाच्या 30 खंडांसाठी. पण मला आवडतं ते आकड्यांपलीकडलं, बाजूच्या भिंती बंद नाहीत, जाळ्याच जाळ्या, रुंद ओसऱ्या, हजारो माणसं बसली तरी वारा वाहतो. घुमट बाहेरचा असला तरी हवेचा हिशोब देमाकवाल्यांचाच. कॅथेड्रल आणि मशिदीला जोडणारा भुयारी रस्ताही आता झालाय, सप्टेंबर 2024 मध्ये पोप फ्रान्सिस तिथे येऊन गेले.

प्रश्न : मुस्लिम नसलेल्यांना आत जाता येतं का, आणि देमाक-कुदुस एका दिवसात होतं का? (कोल्हापूर)

इस्तिकलालला पाहुण्यांची सोय आहे, चपला काढायच्या, कपडे तोकडे असतील तर झगा देतात, नमाजाच्या वेळा सोडून जा, शुक्रवारी दुपारी तर नकोच. देमाक-कुदुस जवळच्या सेमारांग शहरातून आरामात होतं, सेमारांग ते देमाक साधारण 25 किलोमीटर आणि तिथून कुदुस तेवढंच. फक्त वाटेतल्या सायुंगच्या पट्ट्यात भरतीचं पाणी रस्त्यावर येतं, तेव्हा सकाळी लवकर निघा आणि हॉटेलवाल्याला पाण्याचं आधी विचारून घ्या.