बागेच्या नोंदी संगणकावर आल्या, पुढे काय?

प्रश्न : आमची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. मी नाशिकला नोकरी करतो. सुट्टीच्या दिवशी बसून मी वडिलांसाठी पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि एसक्यूलाइट हा नोंदी एका फाइलमध्ये साठवणारा डेटाबेस वापरून फवारणीच्या नोंदी ठेवणारा छोटा प्रोग्रॅम पुरा केला. छाटणीपासूनचा आजचा दिवस कितवा, कोणते औषध मारले आणि त्याचा पीएचआय (फवारणीनंतर काढणीपर्यंत सोडायचे दिवस) किती, एवढेच तो दाखवतो. आता काकांना त्यात मजुरीचा हिशोब आणि बाजारभावही हवे आहेत. भर घालावी का? आणि या कामातून पुढच्यासाठी काय घ्यावे?

उत्तर : भर घालू नका. तुमचे काम पुरे झाले ते त्याची हद्द लहान होती म्हणून. मजुरीत उचल, खाडे, ठेक्याची कामे असे निराळेच नियम येतात. त्यासाठी वेगळा प्रोग्रॅम लिहावा. बाजारभाव ज्या संकेतस्थळावरून घ्याल त्याची मांडणी बदलली, की तुमचा प्रोग्रॅम बंद पडेल आणि वडिलांचा फोन ऐन काढणीत येईल.

घेण्यासारखे खरे आहे ते तारखांत. एसक्यूलाइटमध्ये तारखेसाठी स्वतंत्र प्रकार नाही, त्यामुळे ०५-११-२०२४ ही तारीख मजकूर म्हणून साठवली, तर क्रम लावताना ती १८-१०-२०२४ च्या आधी येते आणि नोव्हेंबरची फवारणी ऑक्टोबर छाटणीच्याही आधी झाल्याचे दिसते. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस असे लिहिले की ही अडचण राहत नाही. मराठी कळफलकावरचे आकडे हा त्याहून लबाड प्रकार आहे : पायथॉन त्यांचे संख्येत रूपांतर बिनतक्रार करते, मात्र एसक्यूलाइटची तारखेची फंक्शन्स ते ओळखत नाहीत आणि कोणतीही चूक न दाखवता रिकामे उत्तर देतात. म्हणून नोंद घेतानाच सर्व आकडे इंग्रजी आकड्यांत आणावेत.

पीएचआयचे दिवसही प्रोग्रॅमच्या आत लिहून ठेवू नका. पुण्याजवळच्या मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची निर्यातीच्या द्राक्षांसाठीची औषधांची यादी वेळोवेळी सुधारली जाते. ते आकडे वेगळ्या तक्त्यात असले, तर वडील स्वतः बदलू शकतील.

सगळ्या नोंदी एकाच फाइलमध्ये असल्याने तिची प्रत पेनड्राइव्हवर घेणे सोपे आहे. प्रत घेताना प्रोग्रॅम बंद ठेवावा, आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडून शेवटची फवारणी दिसते का, हे हंगाम सुरू होण्यापूर्वी पाहून घ्यावे.