सायकल चालवताना इअरफोनवर गाणी ऐकावीत का?

वाहत्या रस्त्यावर ऐकू नयेत, असे माझे ठाम मत आहे. सायकलला बहुधा आरसा नसतो. त्यामुळे मागून येणारी बस किंवा दुचाकी किती जवळ आली आहे, हे आपल्याला मुख्यतः कानांनीच कळते, आणि इलेक्ट्रिक स्कूटरचा आवाज तर मुळातच इतका कमी असतो की मंद संगीतही तो सहज झाकून टाकते. शिवाय वेग वाढला की कानांवरचा वारा गाण्यावर मात करतो आणि आपण नकळत आवाज वाढवत जातो. फ्रान्समध्ये 2015 पासून सायकलस्वारांना इअरफोन वापरण्यास बंदी आहे. ऐकायचेच असेल, तर निर्मनुष्य रस्त्यावर, फक्त डाव्या कानात आणि हळू आवाजात ऐकावे, कारण आपल्याकडे वाहने उजवीकडून पुढे जातात. घाटउतारावर मात्र तेही टाळावे.