हम्पवरची विमानं पाडली कोणी?

प्रश्न : अरुणाचलच्या ट्रिपमधे पासीघाटचं हम्प म्युझियम बघितलं. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन विमानांचे चेपलेले तुकडे ठेवलेत तिथे. शेकडो विमानं पडली म्हणे त्या डोंगरांत. एवढी सगळी जपान्यांनी पाडली का? आणि आतल्या माणसांचं काय झालं? — एक वाचक, सांगली

उत्तर : जपानी फायटरनी काही पाडली हे खरं, पण बहुतेक विमानं गेली ती हवामान, बर्फ, इंजिनातले बिघाड आणि थकून गेलेले पायलट यांच्यामुळे.

१९४२ मधे जपानने ब्रह्मदेश घेतला आणि लाशिओवरून चीनला जाणारा रस्ता बंद झाला. मग पेट्रोल, बॉम्ब, औषधं सगळं आसामातल्या चाबुआ, दिनजान, मोहनबारीहून उचलायचं आणि डोंगरांवरून थेट कुनमिंगला पोचवायचं असं सुरू झालं. पायलट या डोंगरांच्या रांगेला हम्प म्हणायचे, म्हणजे उंटाची मदार. नकाशे धड नाहीत, वाटेत रेडिओची मदत जवळपास नाही, आणि ढगात शिरलं की पंखांवर बर्फाचा थर बसतो, त्याने पंखाचा आकारच बिघडतो, विमानाला उचल मिळत नाही, त्यात कार्ब्युरेटरमधे बर्फ धरला की इंजिनाला हवा मिळेना, आणि खाली उतरावं तर खाली डोंगर! सी-४६ नावाचं विमान तर दोष पुरते निघायच्या आतच घाईघाईने इथे आणलं होतं, त्यात पेट्रोल गळायचं आणि विमानं हवेतच पेटायची.

माझ्या मते सगळ्यात वाईट गोष्ट वेगळीच होती. ६५० तास उडालं की घरी जायची परवानगी, असा नियम होता. विशीतली पोरं ती, घरच्या ओढीने महिन्याला दीडशेच्या वर तास उडवायची, झोप नाही, आणि तशीच रात्री त्या ढगांत. १९४४ च्या सप्टेंबरमधे या विमान वाहतुकीचा प्रमुख म्हणून जनरल विल्यम टनर आला, त्याने तासांची हद्द ७५० केली आणि वर्षभर थांबणं सक्तीचं केलं म्हणजे कोणी घाई करणार नाही, विमानांच्या दुरुस्तीला शिस्त लावली, शोधपथकं नीट बांधली. अपघातांचं प्रमाण घसरलं, आणि माल उलट वाढला, जुलै १९४५ मधे एका महिन्यात ७१ हजार टन! हेच आधी झालं असतं तर किती पोरं वाचली असती, हे वाचताना जीव कळवळतो.

एकूण हिशोब असा की ५९४ विमानं गेली, १,६५९ माणसं मेली किंवा बेपत्ता झाली, सुमारे १,२०० जण मात्र वाचवले गेले किंवा पायी चालत परत आले. त्यातले एक पत्रकार एरिक सेवरेड. २ ऑगस्ट १९४३ ला त्यांच्या सी-४६ चं इंजिन गेलं, सामान बाहेर फेकून पण विमान खालीच येत राहिलं, शेवटी सगळ्यांनी पॅराशूटने उड्या मारल्या. २१ जणांतले २० वाचले, को-पायलट गेला. खाली नागा गाव होतं, तिथल्या लोकांनी त्यांना आसरा दिला, आणि जखमींसाठी डॉन फ्लिकिंजर नावाचे लष्करी डॉक्टर दोन मदतनीसांना घेऊन वरून पॅराशूटने त्याच जंगलात उतरले, परत कसं जायचं हे ठाऊक नसताना.